एंजलफिशचे वागणे बदलले, तर त्याचा अर्थ कसा लावावा

एंजलफिश हा सिक्लिड कुळातला मासा आहे, ही गोष्ट तो विकत घेताना बहुधा कुणी सांगत नाही. त्याचे लांब, झुलते पर आणि संथ चाल पाहून तो निरुपद्रवी शोभेचा मासा असावा असा समज होतो. प्रत्यक्षात घरगुती टाक्यांमध्ये सर्वाधिक आढळणारी त्याची जात, म्हणजे ॲमेझॉनच्या खोऱ्यातली टेरोफायलम स्केलेअर, हद्द आखते, जोडी जमवते, अंड्यांवर पहारा देते आणि समूहात कोण वरचढ हे झुंजून ठरवते. त्यामुळे पाळणाऱ्याला विचित्र वाटणाऱ्या वागण्याचा बराचसा भाग आजाराचा नसून माशांच्या आपसांतल्या व्यवहाराचा असतो. उरलेल्या भागातही मोठा वाटा पाण्याचा असतो. औषधाची बाटली उघडण्याची वेळ त्यानंतर येते, आणि दुर्दैवाने बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात.

निरीक्षण करताना टाकीपासून दोनतीन मीटर दूर बसून किमान दहा मिनिटे काहीही न करता पाहावे. एंजलफिश माणूस ओळखतो, निदान खाऊ घालणारी आकृती तरी ओळखतो, आणि आपण काचेजवळ गेलो की आजारी मासासुद्धा अंगातले बळ एकवटून पुढे येतो. दूरवरून पाहिल्यावर तोच मासा पर मिटून कोपऱ्यात उभा असल्याचे दिसते. या दहा मिनिटांत पहिला प्रश्न असा विचारावा की बदल एकाच माशात आहे की सगळ्यांत. सगळे मासे एकाच वेळी वेगळे वागू लागले, तर दोष पाण्यात आहे असे धरून चालावे. एकच मासा वेगळा वागत असेल, तर तो आजारी आहे, दडपला गेलेला आहे किंवा विणीच्या तयारीत आहे. यानंतर बदल कधीपासून आहे आणि त्याच्या आधीच्या दोन दिवसांत काय झाले, म्हणजे पाणी बदलले का, फिल्टर धुतला का, नवा मासा आणला का, हे आठवावे.

सगळ्यांत तातडीचे लक्षण श्वासाचे आहे. मासे पृष्ठभागाशी तोंड लावून हवा घेत असतील किंवा कल्ल्यांची झाकणे नेहमीपेक्षा भराभर हलत असतील, तर बाकी सर्व विचार बाजूला ठेवावा. निरोगी असताना आपल्या माशाची झाकणे मिनिटाला किती वेळा हलतात हे एकदा मोजून ठेवलेले असेल, तर हा निर्णय फार सोपा होतो. पहिले संभाव्य कारण प्राणवायूची कमतरता हे होय. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना जेमतेम ७.५ मिलिग्रॅम, म्हणजे मासा उष्णतेमुळे अधिक श्वास घेऊ पाहतो नेमक्या त्याच वेळी पाणी त्याला कमी देते. एअर पंप चालू करून किंवा फिल्टरच्या धारेने पृष्ठभाग हलता ठेवून तासाभरात फरक पडला, तर कारण हेच होते असे समजावे.

फरक पडला नाही, तर पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट तपासावे; माशांच्या मलमूत्रातून साचत जाणारी ही विषारी द्रव्ये आहेत. दोन्हींचे योग्य प्रमाण शून्य आहे. ‘थोडेसे चालते’ ही समजूत सोडून द्यावी. अमोनियामुळे कल्ले भाजल्यासारखे होतात, तर नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असा बदल घडवते की ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, आणि मग भरपूर हवा सोडूनही मासा धापा टाकत राहतो. नवी टाकी पहिल्या चार ते सहा आठवड्यांत आणि जुनी टाकी फिल्टरचा स्पंज नळाच्या पाण्याखाली खळखळून धुतल्यानंतर या संकटात सापडते, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात. अशा वेळी क्लोरीन काढलेले, त्याच तापमानाचे पाणी घालून टाकीतले पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे आणि खाणे एकदोन दिवस बंद ठेवावे. मात्र अनेक महिने दुर्लक्षित राहिलेल्या टाकीत हे जपून करावे लागते. तिथे पाणी आम्ल झालेले असल्याने अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात साचलेला असतो; एकदम बरेच ताजे पाणी घातल्यास पीएच वाढतो, म्हणजे आम्लता कमी होते, तोच साठा विषारी रूप घेतो, आणि ‘पाणी बदलले आणि मासे मेले’ ही तक्रार जन्माला येते. तिथे रोज थोडे थोडे पाणी बदलणे सुरक्षित असते.

भीतीदायक दिसणाऱ्या पण निरुपद्रवी असलेल्या काही गोष्टी इथेच सांगून टाकतो. रात्री एंजलफिशचे पट्टे फिके पडतात आणि तो एखाद्या पानाला टेकून किंचित तिरका स्थिर राहतो. दिवा लावल्यावर रंग परतायला काही मिनिटे लागतात. अंधारात अचानक दिवा लावल्यास तो वेड्यासारखा धावून काचेवर आपटतो, म्हणून आधी खोलीतला दिवा लावावा आणि थोड्या वेळाने टाकीचा. नव्या टाकीत सोडल्यावर काही मासे तळाशी आडवे पडून मेल्याचे सोंग घेतल्यासारखे निपचित राहतात. कल्ले संथपणे हलत असतील, तर दिवा बंद ठेवून त्यांना काही तास एकटे सोडावे. काडीने ढोसून पाहू नये.

विणीच्या काळातले वागणे मात्र सविस्तर समजून घ्यायला हवे, कारण सर्वाधिक गैरसमज इथे होतात. आठ ते बारा महिन्यांचे दोन मासे समूहापासून वेगळे होऊन एका कोपऱ्यात राहू लागतात, इतरांना तिथे फिरकू देत नाहीत, आणि एखादे रुंद पान, फिल्टरची नळी किंवा उभी काच तोंडाने सतत टोचत राहतात. ही भूक नव्हे. अंडी घालण्याची जागा साफ केली जात असते. समोरासमोर येऊन अंग थरथरवणे हा आकडीचा झटका नसून जोडीदाराला दिलेला संकेत असतो. याच सुमारास पोटाखाली एक लहानशी नळी बाहेर दिसते, जी मादीत जाडसर व बोथट, तर नरात बारीक व टोकदार असते; ती जंत किंवा बाहेर आलेले आतडे समजून उपचार करू नयेत. अंडी ओळींत, काही शेकड्यांनी घातली जातात. त्यानंतर पालक खाणे कमी करतात, छातीजवळच्या परांनी अंड्यांना सतत वारा घालतात आणि टाकीत घातलेल्या हातावरही चाल करून येतात.

२७-२८ अंशांना सुमारे अडीच दिवसांत अंडी फुटू लागली की पालक अंडी तोंडात घेऊन चावत आहेत असे दिसते. ते बहुधा पिल्लांना कवचातून सोडवून दुसऱ्या पानावर चिकटवत असतात. ही पिल्ले आणखी पाचएक दिवसांनी पोहू लागतात. अर्थात, पालक खरोखर अंडी खातातही, विशेषतः पहिल्या काही विणींत किंवा टाकीत वर्दळ असल्यास. हा दोष अनुभव नसण्याचा असतो आणि बऱ्याचदा आपोआप सुधारतो. सगळीच अंडी दोन दिवसांत पांढरी पडत असतील, तर नराचे वीर्य निष्फळ ठरले असेल किंवा ‘जोडी’ दोन माद्यांची असेल. दोन माद्या अगदी संसार थाटल्यासारख्या वागतात, त्यामुळे नुसत्या वागण्यावरून नर-मादी ओळखल्याचा दावा मी तरी करत नाही.

भांडणाचेही तसेच आहे. बाजू दाखवत पर ताणणे, कल्ल्यांची झाकणे फुगवणे, शेपटीने पाण्याचा झोत मारणे आणि एकमेकांचे ओठ पकडून ओढाताण करणे हे शक्तिपरीक्षेचे ठरलेले प्रकार आहेत. ते काही सेकंदांत संपून एक जण माघार घेत असेल, तर हस्तक्षेप नको. हरलेल्याला माघार घेऊनही पाठलाग चुकत नसेल, तो सतत हीटरमागे किंवा पृष्ठभागाच्या कोपऱ्यात दडत असेल, त्याचे पर फाटलेले असतील आणि खाण्याच्या वेळीही तो बाहेर येत नसेल, तर त्याच दिवशी त्याला वेगळे करावे. तीन मासे ठेवल्यास दोघांची जोडी जमून तिसऱ्याची दैना होते. पाच-सहा लहान मासे एकत्र वाढवले, तर जाच विभागला जातो. आडोसा देणारी उंच झाडे आणि किमान ४५ सेंटिमीटर उंचीची टाकी याही त्याच उपायाचा भाग आहेत. एंजलफिशने निऑन टेट्रा गिळला, तर त्यात मात्र विकृत असे काही नाही. तोंडात मावणारा मासा हे त्याचे भक्ष्यच आहे.

दगडांवर किंवा पानांवर अंग घासणे एखाद्या वेळी घडले, तर दुर्लक्ष करावे. पाणी बदलल्यावर लगेच सगळेच घासू लागले, तर क्लोरीनचा संशय घ्यावा. घासण्याबरोबर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होय. त्याचे औषध त्वचेखालच्या परजीवीवर चालत नाही, तो पाण्यात मोकळा सुटल्यावरच चालते, म्हणून ठिपके गेल्यावरही उपचार काही दिवस चालू ठेवावे लागतात. एकाच बाजूचे कल्ले मिटून मासा दुसऱ्या बाजूनेच श्वास घेत असेल, तर कल्ल्यांवरच्या सूक्ष्म कृमींचा विचार करावा.

खाणे सोडणे या लक्षणाचा एकट्याने काहीच अर्थ लागत नाही. अंड्यांवरचा पालक खात नाही, नवा मासा दोनचार दिवस खात नाही आणि दडपलेला मासा इतरांसमोर खात नाही. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा उपाशी माशातही दिसते. पण मासा अन्न तोंडात घेऊन पुन्हा थुंकत असेल, अंग काळवंडत असेल आणि पोट खपाटीला जात असेल, तर आतड्यातल्या परजीवींची शक्यता बळावते. अशा वेळी माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याच्या सल्ल्याने मेट्रोनिडॅझोल हे परजीवींवरचे औषध अन्नातून देणे उपयोगी पडते, आणि मासा काहीतरी गिळत असतानाच ते सुरू करावे लागते, कारण खाणे पूर्ण थांबल्यावर औषध पोटात पोहोचवण्याचा सोपा मार्ग उरत नाही.