मोटार हलवा, पण ओली नको

रोहिणी लागली की गोदाकाठी एकच धावपळ. डोह आटत येतो, मग पाण्याची मोटार उचलायची आणि विहिरीवर न्यायची, विहीर तळाला गेली की शेततळ्यावर. ट्रॉलीत पाइप, पाइपात कालचं पाणी, फूटव्हॉलच्या (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) जाळीत मुळांचा झुपका. शेजारी गोणीत कोंबलेलं ओलं जाळं. आणि दिवाळीच्या सुमाराला हमखास कुणीतरी विचारतं, "तळ्यात जलपर्णी कुठून आली हो?" तुमच्याच ट्रॉलीतून आली, दादा.

आमच्या शिवारातल्या एका मोसंबीवाल्याच्या तळ्यात अशीच चार रोपं आली. जांभळं फूल बघून घरच्यांनी राहू दिली. कोमट पाण्यात जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते. पुढच्या उन्हाळ्यात मोटार ओढेना, पहाटे मासे वर तोंड काढून मरू लागले. शेवटी जेसीबी लावला, त्याच्या दातानं तळ्याच्या तळाचं ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक फाटलं, उरलंसुरलं पाणीही जमिनीत गेलं. बाग वाळली ती अशी.

म्हणून पाऊस पडायच्या आत एवढं कराच. मोटार, पाइप, जाळं, टँकर, गमबूट, जे जे पाण्यात गेलं ते त्याच काठावर धुवा. पाइप उभा करून आतलं पाणी तिथंच सांडा, फूटव्हॉल उघडून जाळी ब्रशनं घासा. आधी चिखल काढायचा, मग ऊन दाखवायचं. हा क्रम उलटा करू नका. उन्हानं रोप मरतं, गोगलगाईची अंडी मरतात, पण जलपर्णीचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. वाळलेला चिखल म्हणजे बियाण्याची पुडीच. जाळं पत्र्यावर पसरून मे महिन्याच्या उन्हात किमान दोन दिवस ठेवा, हा माझा अंदाज. आभाळ आलं तर आठ दिवस धरा. घाई असेल तर ४५ अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं बुडवून ठेवा. गाठी ओल्या राहिल्या तर जाळं ओलंच समजा.

तळ्यातल्या गोगलगाई वेगळ्या आणि २०२२ला लातूर, बीड, धाराशिवकडं सोयाबीन फस्त केलं त्या वेगळ्या. सोयाबीनवरची जमिनीवरची. पाण्यातल्या काही जाती जनावरांचा यकृतकृमी वाढवतात. काठावरचं गवत खाणाऱ्या शेळीच्या जबड्याखाली सूज दिसली तर पशुवैद्यकाला दाखवा. आणि सोयाबीनसाठी आणलेल्या गोगलगाईच्या गोळ्या उरल्या म्हणून तळ्यात टाकू नका. असा सल्ला देणारे दुकानदार मी पाहिलेत.

दुकानातल्या निळ्या बाटलीचंही तेच. "शेवाळ, गोगलगाय, सगळं साफ." लेबल वाचा, बहुतेकदा आत मोरचूदच निघतं, भाव मात्र कितीतरी पट. माशांनाही ते मारक आहे. जलपर्णीवर टू-फोर-डी हे तणनाशक फवारा असं कुणी सांगितलं तर आधी शेजारी कपाशी आहे का ते बघा. नुसत्या वाऱ्यानं उडालेल्या थेंबांनी कपाशीची पानं भेंडीसारखी होतात. चार रोपं हातानं काढायला पैसे लागत नाहीत. काढलेली नाल्यात भिरकावू नका. लांब उन्हात पसरा, वाळली की खड्ड्यात पुरा.

थाई मागूर (बाकीचे मासे खाणारा मिशीवाला मासा) किंवा नको ते मासे आधीच शिरले असतील तर तळं कमी पाण्यावर असतानाच उपाय होतो. थाई मागूर पाळायला २००० सालापासून बंदी आहे. तो हवेतून श्वास घेतो, पावसात ओल्या रानातून सरकत नाल्याला लागतो. तिथून दुधना, सिंदफणा आणि मग गोदावरी. तळ्यातले सगळे मासे मारायला शिफारस हेक्टरी एक मीटर पाण्याला, म्हणजे दहा हजार घनमीटरला, २,५०० किलो मोहाची पेंड किंवा ३५० किलो ब्लीचिंग पावडर अशी आहे. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात मीटरभर पाणी उरलं असेल तर, काठ उतरते असल्यानं, ते साधारण पाचशे घनमीटर भरतं. म्हणजे पेंड सव्वाशे किलो, नाही तर ब्लीचिंग १८ किलो. उघड्या पोत्यातलं ब्लीचिंग उतरलेलं असतं, बंद पोतंच घ्या. पेंडीनंतर तीन आठवडे, ब्लीचिंगनंतर आठ-दहा दिवस माशांचं बीज सोडू नका, जनावरांना तिकडं फिरकू देऊ नका, पाणी ठिबकला जोडू नका. सांडव्यातून पाणी वाहत असेल तर यातलं काहीच टाकू नका.

बाकीची कामं :
– सांडव्याला बारीक जाळी
– इनलेटला (पाणी आत येतं तिथं) दुहेरी जाळी
– काठावरचं गवत कापणे
– प्लास्टिकच्या भेगा चिकटवणे
– कुंपण, आणि कुणी पडलं तर दोर, ट्यूब
– सँड फिल्टर धुणे

जुलैत मोटारसायकलवर बीज विकणारे येतील. रोहू, कटला म्हणतील. घमेल्यात ओतून एकेक बघा. मिशा लांब, डोकं चपटं दिसलं की परत द्या. फिश टँकमधला सकर तर कुणाकडूनही घेऊ नका, फुकटातही नको; त्याच्या काट्यांनी जाळी कशी फाटतात ते उजनीच्या मच्छीमारांना विचारा. पिशवी पंधरा मिनिटं तळ्यावर तरंगू द्या, मग गाळणीनं फक्त मासे सोडा. पिशवीतलं पाणी मोसंबीच्या आळ्यात ओता.