हिरोची पाठ काढता येते का?

अ‍ॅनिमेशनमधल्या नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला मी तीन जाडजूड स्केचबुकं घेऊन गेले होते. आत सगळे माझे लाडके. कुणाची केप वाऱ्यावर उडतेय, कुणी दातओठ खातोय, कुणाच्या डोळ्यांत पाणी तरळतंय. समोरच्या बाईंनी पानं भराभर उलटली, एका हिरोपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. आता हाच मागून काढून दाखव." त्यांनी पेन्सिल पुढे केली. मी पाच मिनिटं कागदाकडे नुसती बघत राहिले. त्या हिरोचे अंकच्या अंक मला तोंडपाठ होते, पण त्याची केप मानेपाशी नेमकी कशाला अडकवलेली असते, ते कधी बघितलंच नव्हतं.

नोकरी मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

घरी येऊन स्केचबुकं पुन्हा चाळली, तेव्हा भलतंच काही दिसायला लागलं. जवळपास प्रत्येक चेहरा डावीकडे, अर्धवट वळलेला. उजव्या हाताने काढणाऱ्याला तो कोन सोपा जातो, म्हणून. हात बहुतेकांचे पाठीमागे किंवा खिशात, कारण बोटं जमत नव्हती. पाय पानाबाहेर. म्हणजे मी वर्षानुवर्षं एकच चित्र काढत होते, फक्त कपडे बदलून. तुम्हीही कार्टून-कॉमिक्सच्या वेडापायी या वाटेला यायचं म्हणत असाल, तर आधी आपल्या वह्या अशा एकदा निर्दयपणे बघा.

वेड वाया जात नाही, हेही सांगते. अ‍ॅनिमेशनचा पाया घालणाऱ्यांत कॉमिक्सवालेच होते. विन्झर मॅके हे मुळात वर्तमानपत्रातले चित्रपट्टीकार. त्यांनी १९१४ साली गर्टी नावाची डायनासोर पडद्यावर नाचवली, तेव्हा पारदर्शक सेलवर (प्लास्टिकच्या शीटवर) पात्र वेगळं काढून मागच्या चित्रावर ठेवण्याची पद्धत रुळलेली नव्हती. त्यामुळे प्रत्येक चित्रासोबत मागचे डोंगर-दगडही पुन्हा काढावे लागत, आणि ते गिरवायला एक मदतनीस होता. माझ्या मनात नेहमी त्या मदतनिसाचाच विचार येतो. तेच दगड हजारो वेळा! जपानमध्ये ओसामू तेझुका यांनीही आधी मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, गाजवली आणि मग १९६३ मध्ये आपल्या अ‍ॅस्ट्रो बॉयला टीव्हीवर आणलं.

पण दोन माध्यमांतली मेख लक्षात घ्या. कॉमिक्समध्ये एका चौकटीत मूठ उगारलेली असते, पुढच्या चौकटीत खलनायक भिंतीवर आदळलेला असतो. मधला ठोसा वाचक स्वतःच्या डोक्यात मारतो. चित्रकार फक्त देखणे क्षण निवडून काढतो. अ‍ॅनिमेशनमध्ये तो मधला ठोसा कुणाला तरी खरोखर काढावा लागतो. त्यातली खांदा वाकडा झालेली, तोंड ओढलं गेलेली, एकटी बघितली तर विद्रूप वाटणारी चित्रंही काढावी लागतात. आणि नवख्याच्या ताटात बहुतेक वेळा हीच मधली चित्रं पडतात. त्यांना इनबिट्वीन म्हणतात.

म्हणून चाहता म्हणून बघण्याची सवय थोडी बदला. आवडत्या कार्टूनमधला दहा सेकंदांचा तुकडा घ्या आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण हाताने काढलेल्या कामात बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. याला 'ऑन टूज' म्हणतात. खूप वेगवान हालचाल असेल तर 'ऑन वन्स', म्हणजे दर फ्रेमला नवं चित्र. मांजर उंदरामागे धावतानाचा असाच तुकडा मी थांबवून बघितला, तर एका फ्रेममध्ये मांजराला सहा पाय आणि दीड तोंड! ते स्मिअर. चालू गतीत डोळ्याला ते कळतही नाही, नुसता वेग जाणवतो. त्या दिवशी मी शंभरदा पाहिलेलं कार्टून पहिल्यांदाच 'पाहिलं'. २०१८ च्या 'स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स'मध्ये हा हिशेबच गोष्ट सांगायला वापरलाय. नवशिका माइल्स 'टूज'वर अडखळतो आणि त्याच्याच शेजारी मुरलेला पीटर 'वन्स'वर सफाईने झेपावतो. किती लोकांनी हे जाणूनबुजून बघितलं असेल कोण जाणे, पण माइल्सचा नवखेपणा मात्र सगळ्यांना जाणवला.

पुढे मी एका कोर्सला गेले. तिथे सॉफ्टवेअरची बटणं शिकवली आणि सहा महिन्यांनी प्रमाणपत्र दिलं. चेंडू कसा उसळतो, ते कुणी सांगितलं नाही. ते मी नंतर स्वतःच करत बसले. हा चेंडूचा सराव बालिश वाटतो, पण तो टाळू नका. हवेत सगळ्यात उंच जागी चेंडू रेंगाळतो, म्हणून तिथली चित्रं एकमेकांना अगदी चिकटून येतात. जमिनीकडे येताना अंतर वाढत जातं. किती फ्रेममध्ये पडला ते टायमिंग, आणि त्या फ्रेममध्ये अंतरं कशी वाटली ते स्पेसिंग. हे दोन शब्द कामावर दिवसातून पन्नासदा कानावर पडतात आणि नवीन मुलं त्यांची हमखास गल्लत करतात. टायमिंग तेच ठेवून फक्त स्पेसिंग बदललं, तरी हालचालीचा सगळा स्वभाव पालटतो. जमिनीला टेकताना चेंडू चपटा करायचा, पण चपटा झाला की तेवढाच रुंदही व्हायला हवा. नाहीतर त्यातली हवा गेल्यासारखा दिसतो. एकाच आकाराचे दोन गोळे काढा, एक लोखंडी, एक पिंगपाँगचा. रंग नाही, सावली नाही. बघणाऱ्याला कुठला कुठला ते कळलं, की मगच वॉक सायकलला, म्हणजे पात्राच्या चालण्याच्या आवर्तनाला, हात घाला.

पहिली नोकरी अखेर मिळाली ती एका टीव्ही मालिकेवर, इनबिट्वीन आणि क्लीन-अपची, म्हणजे कच्च्या चित्रांच्या रेषा स्वच्छ करण्याची. पहिल्याच आठवड्यात डोकं वळवण्याचा एक शॉट आला. मुलगी डावीकडे बघतेय, आवाज येतो, ती उजवीकडे वळते. दोन 'की' चित्रं, म्हणजे हालचालीचं पहिलं आणि शेवटचं, तयार होती, मधली पाच मला काढायची होती. मी पट्टीने मोजल्यासारखं बरोब्बर मध्ये नाक, बरोब्बर मध्ये कान असं काढून दिलं. रेषा इतकी स्वच्छ की मी स्वतःवरच खूश. शॉट चालवला आणि आमचे लीड म्हणाले, "अगं, हिचं डोकं वळत नाहीये, सरकतंय." खरंच, काचेवरून स्टिकर ढकलावा तसा चेहरा डावीकडून उजवीकडे घसरत होता.

त्यांनी माझं मधलं चित्र बाजूला ठेवलं आणि कोऱ्या कागदावर चार रेघा मारल्या. हनुवटी खाली आणली, म्हणजे नाक सरळ रेषेत न जाता कमानीतून गेलं. पापण्या मिटवल्या. त्याच्या आधीच्या चित्रात बुबुळं उजवीकडे नेली, कारण माणूस आधी डोळ्यांनी वळतो, मग मानेने. केस मात्र अजून जुन्याच बाजूला राहिले होते, ते नंतर मागून आले. बस्स. तीच दोन की चित्रं, तेवढ्याच फ्रेम, आणि आता त्या मुलीने आवाज खरंच ऐकला होता. या मधल्या कळीच्या चित्राला ब्रेकडाउन म्हणतात. शॉट जिवंत होतो की मरतो, ते पुष्कळदा तिथे ठरतं.

ती मालिका मला आवडायची का? छे. मी आणि माझी आवड यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. वर्षभर मी एका गोल डोक्याच्या मुलाचे कान क्लीन-अप केले. चाहत्यांना हा धक्का पचवणं सगळ्यात जड जातं. आपल्या लाडक्या पात्रावर काम मिळेल ही आशा असते आणि मिळतं ते दुसऱ्याने घडवलेलं पात्र, त्याच्या मॉडेल शीटसकट. नाक किती रुंद, मुठीत अंगठा कुठे, सगळं ठरलेलं. 'माझी स्टाइल' नावाची वस्तू तिथे दाराबाहेर ठेवायची. रिटेक आले, म्हणजे शॉट पुन्हा करायला परत आला, की वाईट वाटून घ्यायचं नाही, हे मला शिकायला जवळजवळ वर्ष लागलं.

आणि स्वस्तातल्या कामाला नाकं मुरडणं सोडा. मीही मुरडायचे. १९५७ मध्ये एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला, तेव्हा टॉम अँड जेरीचे जनक हाना आणि बार्बेरा यांनी स्वतःची कंपनी काढून टीव्हीसाठी काम सुरू केलं. पैसे तुटपुंजे, वेळ त्याहून कमी. त्यांच्या योगी बेअरच्या गळ्यात कॉलर आणि टाय का आहे? कॉलरच्या रेषेवर डोकं धडापासून वेगळं काढता येतं. धड स्थिर ठेवायचं, हलवायचं फक्त डोकं. आपण ज्याला पात्राची ऐट समजत होतो ती चित्रं वाचवण्याची युक्ती होती, हे कळल्यावर मला त्या कॉलरबद्दल भलताच आदर वाटायला लागला. आज कट-आउट रिगमध्ये, म्हणजे सुटे तुकडे जोडून केलेल्या डिजिटल बाहुलीत, सांधे लपवताना आम्ही हेच करतो.

अजून एक. अ‍ॅनिमेशनमध्ये काम म्हणजे अ‍ॅनिमेटर, असं बाहेरून वाटतं. कॉमिक्स वाचून वाढलेल्यांना खरं तर स्टोरीबोर्ड, म्हणजे फिल्मचा चौकटी-चौकटींतला आराखडा, जास्त मानवतो. चौकट कुठून बघायची, कुठे कापायचं, नजर कुठे न्यायची, हे त्यांच्या रक्तात असतं. माझ्या ओळखीतला एक मुलगा अ‍ॅनिमेशनच्या टेस्टमध्ये तीनदा नापास झाला. बोर्डवर बसवला तर आठवड्यात रमला. लेआउट, बॅकग्राउंड, रिगिंग, कंपोझिटिंग, सगळ्यांची गरज लागते. चित्र अजिबात न काढणारे, पण कुठला शॉट कुणाकडे अडकलाय हे रात्री झोपेतही सांगू शकणारे प्रॉडक्शनवालेही लागतात, आणि त्यातले कितीतरी कट्टर कार्टूनवेडेच असतात.

सॉफ्टवेअरवरून फार डोकं शिणवू नका. ब्लेंडर, क्रिता, ओपनटून्झ तिन्ही फुकट आहेत. २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला 'फ्लो' ब्लेंडरमध्ये केलेला आहे, त्यामुळे 'माझ्याकडे महागडं सॉफ्टवेअर नाही' ही सबब आता चालत नाही. उलट कागद-पेन्सिल घेऊन चालत्या-फिरत्या माणसांची रेखाटनं रोज करा. माणूस खुर्चीतून उठताना आधी पुढे झुकतो, ओझं पायांवर घेतो, मग उठतो. हे कॉमिक्समध्ये कुणी काढत नाही, कारण तो क्षण देखणा नसतो.

शोरीलबद्दल, म्हणजे नोकरीसाठी दाखवायच्या आपल्या निवडक शॉट्सच्या फिल्मबद्दल, शेवटचं. मिनिटभराची पुरे. सगळ्यात चांगला शॉट पहिला ठेवा, कारण बघणारा दुसऱ्या शॉटपर्यंत थांबेलच असं नाही. कमकुवत शॉट भरताड म्हणून घालू नका, सगळी रील त्याच शॉटवरून जोखली जाते. सुरुवातीला स्वतःचं नाव गरागरा फिरवणारी दहा सेकंदं काढून टाका. रिग दुसऱ्याचं असेल, डिझाइन दुसऱ्याचं असेल, तर तसं खाली लिहा. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात आणि उचललेला शॉट लगेच पकडला जातो. लाडक्या हिरोची फॅन आर्ट ठेवायची का? एखादी ठेवा, पण तो चालताना, जड पेटी उचलताना, पाठ करून जाताना दाखवा.

दुसऱ्या मुलाखतीला मी एकच पातळ वही नेली. पिंगपाँगचा चेंडू, लोखंडी गोळा, खुर्चीतून उठणाऱ्या एका म्हाताऱ्याची चौदा चित्रं, आणि केपवाल्या हिरोचा चारी बाजूंनी टर्नअराउंड. केप खांद्यावर दोन बटणांनी अडकवलेली असते.