आफ्रिकेचा वसाहती नकाशा स्वतः रंगवताना

आफ्रिकेचे ५४ देश नुसते पाठ करायला घेतले की आठवडाभरात नायजर आणि नायजेरिया एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. त्याऐवजी कोरा नकाशा घ्यावा आणि कुठे कोणत्या युरोपीय देशाची सत्ता होती त्या हिशेबाने तो स्वतः रंगवावा. स्पर्धा परीक्षेला याचा उपयोग होतोच, शाळेतही दोन-तीन तासिकांत मुलांकडून करून घेता येतो. नकाशा बिघडतो तो सहसा रंगांमुळे नाही. ‘ही कोणाची वसाहत?’ या प्रश्नाला एकेका देशाची दोन-तीन उत्तरं असतात, आणि त्यातलं कोणतं धरायचं हे आधी ठरवलेलं नसतं.

कागद आणि रंग

कागद ए-थ्री घ्या. आफ्रिका पूर्व-पश्चिम साधारण ७,४०० किलोमीटर, उत्तर-दक्षिण ८,००० किलोमीटर. कागद उभा धरून दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर समास सोडला तर एका सेंटिमीटरात सुमारे २७० किलोमीटर बसतात, आणि सूचीसाठी खाली-वर मिळून दहा-बारा सेंटिमीटर उरतात. या मापात गांबिया म्हणजे सेनेगलच्या पोटात शिरलेली सव्वा सेंटिमीटर लांबीची रेघ, रुंदी दोन मिलिमीटरपेक्षा कमी. ए-फोरवर ती सीमारेषेच्या शाईतच बुडून जाते.

रंगीत पेन्सिली वापरा. स्केचपेन कागदात पसरतो, आणि रवांडा-बुरुंडीसारखे आठ मिलिमीटरचे देश त्याने रंगवले की शेजारच्या टांझानियात डाग उतरतो. मेणाचे खडू तर नकोच, त्यावर नंतर रेघा उमटत नाहीत. रंग सात लागतात: ब्रिटन गुलाबी, फ्रान्स निळा, पोर्तुगाल हिरवा, बेल्जियम पिवळा, इटली नारिंगी, स्पेन तपकिरी, जर्मनी राखाडी. हात हलका ठेवा. गडद रंगावर नावं वाचता येत नाहीत. नावं सगळ्यात शेवटी, साध्या बॉलपेनने घाला. जेलपेन पेन्सिलच्या रंगावर फिसकटतो.

रंग उघडण्याआधी तीन नियम

पहिला: पूर्ण रंग म्हणजे त्या भूमीवरची शेवटची युरोपीय सत्ता. दुसरा: तिच्या आधी, पण १८८४ नंतर, दुसऱ्या कोणा युरोपीय देशाची सत्ता असेल तर तिच्या रंगाच्या तिरप्या रेघा, दोन-दोन मिलिमीटरवर. तिसरा: युद्धातला ताबा आणि युद्धानंतरचा तात्पुरता लष्करी कारभार धरायचा नाही.

१८८४ ची मर्यादा मुद्दाम घातली आहे. त्यामागे गेलात तर दक्षिण आफ्रिकेतल्या केपमधले डच, झांझिबारचे ओमानी सुलतान, उत्तरेतले उस्मानी तुर्क असे सगळेच रेघा मागायला येतात आणि नकाशाची गोधडी होते. मॉरिशसवर १७१५ ते १८१० फ्रेंच होते, मग इंग्रज आले. म्हणून आपल्या नियमाने मॉरिशस नुसता गुलाबी. फ्रेंचांची नोंद समासात करा, आणि कोकणातून तिथे गेलेल्या मजुरांचे वंशज आजही मराठी म्हणवतात, हीही तिथेच. ते मजूर नेले ते इंग्रजी अमलात, त्यामुळे गुलाबी रंग या नोंदीशीही जुळतो.

तिसरा नियम नसेल तर इथिओपिया हमखास चुकतो. १८९६ साली अडुवाच्या लढाईत इथिओपियाने इटलीचा पराभव केला. १९३६ ते १९४१ इटलीने देश व्यापला होता, पण तो युद्धातला ताबा; म्हणून इथिओपिया कोरा ठेवायचा. कोरा दुसरा देश लायबेरिया. अमेरिकेतून आलेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेला हा देश १८४७ मध्येच स्वतंत्र झाला. लिबियावर १९४३ नंतर काही वर्षं ब्रिटिश आणि फ्रेंच लष्कराचा कारभार होता, इरिट्रियावर ब्रिटिशांचा. दोन्ही इटलीच्या नारिंगीतच राहतील.

लहान रंग आधी, निळा शेवटी

फ्रान्सपासून सुरुवात केली तर वाळवंटातले मोठाले देश भरता भरता कंटाळा येतो आणि किनाऱ्यावरचे बारके राहून जातात. म्हणून उलट्या क्रमाने जा. दोन कोरे देश खूण करून बाजूला ठेवा. मग स्पेनचा एकच: इक्वेटोरियल गिनी. बेल्जियमचे तीन: मोठा काँगो, म्हणजे राजधानी किन्शासा असलेला, आणि रवांडा, बुरुंडी. मोठा काँगो १८८५ ते १९०८ बेल्जियमच्या देशाच्या नव्हे, तर राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी मालकीचा होता. रंग तोच, समासात १९०८ लिहून ठेवा. इटलीचे तीन: लिबिया, इरिट्रिया, सोमालिया. जर्मनीचा पूर्ण रंग फक्त नामिबियाला, कारण तिथे नंतर राज्य केलं ते दक्षिण आफ्रिकेने.

पोर्तुगालचे पाच: अंगोला, मोझांबिक, गिनी-बिसाऊ, केप व्हर्दे, साओ टोमे आणि प्रिन्सिपे. इथे अंगोलाचा कबिंडा नावाचा तुकडा सुटतो. काँगो नदीच्या मुखाच्या उत्तरेला, मुख्य अंगोलापासून वेगळा, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. मध्ये मोठ्या काँगोची समुद्रापर्यंत गेलेली चिंचोळी पट्टी आहे. ती पिवळी, कबिंडा हिरवा. पोर्तुगीज आफ्रिका एकदम १९७४-७५ मध्येच का सुटली, हे गोव्याच्या वाचकाला चटकन कळेल: २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये हुकूमशाही कोसळली. गोव्यातून पोर्तुगीज १९६१ लाच गेले होते, पण भारताचा गोव्यावरचा हक्क पोर्तुगालने मान्य केला तो या क्रांतीनंतर, १९७४ च्या अखेरीस. आणखी एक धागा आहे. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालायचा.

आता ब्रिटनचे १९. उत्तरेकडून खाली या: इजिप्त, सुदान, दक्षिण सुदान, युगांडा, केनिया, टांझानिया, मलावी, झांबिया, झिम्बाब्वे, बोत्सवाना, दक्षिण आफ्रिका, तिच्या पोटातला लेसोथो, कडेचा इस्वातिनी. पश्चिमेला चार, एकमेकांपासून तुटलेले: गांबिया, सिएरा लिओन, घाना, नायजेरिया. बेटं दोन: मॉरिशस, सेशेल्स.

उरलेलं सगळं निळं. पण भरण्याआधी मोजा. बरोबर २० देश उरले पाहिजेत. उत्तरेचे तीन (मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया). डाकारहून चालणाऱ्या फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतले आठ (मॉरिटानिया, सेनेगल, माली, गिनी, आयव्हरी कोस्ट, बुर्किना फासो, बेनिन, नायजर). ब्राझाव्हिलहून चालणाऱ्या विषुववृत्तीय आफ्रिकेतले चार (चाड, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, छोटा काँगो, गॅबन). टोगो आणि कॅमेरून. शिवाय जिबूती, मादागास्कर, कोमोरोस. ताळा असा: २ + १ + ३ + ३ + १ + ५ + १९ + २० = ५४.

निळे २१ भरले तर बहुतेक वेळा पश्चिम सहारा निळा झालेला असतो. तो ५४ मध्ये नाही; तिथून स्पेन १९७६ मध्ये निघाला आणि वाद आजही मिटलेला नाही. तपकिरी ठिपके द्या, मोजणीत धरू नका. निळे १९ किंवा त्याहून कमी भरले तर कोमोरोस शोधा. बाजारातल्या कोऱ्या नकाशांत लहान बेटं बऱ्याचदा छापलेलीच नसतात, ती गोल काढून स्वतः घालावी लागतात. आणि तीन गिनींपैकी एखादी चुकीच्या रंगात गेली नाही ना, तेही पाहा: नुसती गिनी फ्रेंच, बिसाऊवाली पोर्तुगीज, इक्वेटोरियल स्पॅनिश.

रेघा

राखाडी रेघा पाच देशांवर येतात: टोगो, कॅमेरून, रवांडा, बुरुंडी आणि टांझानियाचा मुख्य भूभाग. झांझिबार सोडा, तो जर्मन नव्हता. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला आणि या वसाहती राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) नावाने विजेत्यांनी वाटून घेतल्या. घानाच्या पूर्व कडेलाही राखाडी रेघांची बारीक पट्टी हवी. तो टोगोचा इंग्रजांकडे गेलेला भाग. कॅमेरूनची पश्चिम कड गुलाबी करा. तिथल्या इंग्रजी आणि फ्रेंच भाषकांतलं आजचं भांडण याच पट्टीतून निघालेलं आहे. सोमालियाचा उत्तर भागही गुलाबी, मोरोक्कोची उत्तर किनारपट्टी तपकिरी. मोजताना मात्र देश त्याच्या मोठ्या रंगात धरायचा.

सालं

प्रत्येक देशात स्वातंत्र्याचं फक्त साल लिहा. आधी १९६० भरून टाका: एका वर्षात १७ देश, त्यातले १४ फ्रेंच, उरलेले तीन मोठा काँगो, सोमालिया आणि नायजेरिया. छोट्या काँगोची तारीख आपल्याला पाठ करावी लागत नाही, १५ ऑगस्ट. गिनी मात्र १९५८. फ्रान्सचा नेता द गॉल याच्या नव्या संविधानाला सार्वमतात ‘नाही’ म्हणणारी फ्रेंच आफ्रिकेतली ती एकटी.

नामिबिया १९९०, इरिट्रिया १९९३, दक्षिण सुदान २०११ ही तीन सालं लाल शाईने लिहा. हे देश युरोपच्या हातून नव्हे, तर अनुक्रमे दक्षिण आफ्रिका, इथिओपिया आणि सुदान यांच्यापासून सुटले.

सरळ सीमा

या सीमा बर्लिन परिषदेत पट्टी ठेवून आखल्या, असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ चाललेल्या परिषदेत काँगो आणि नायजर नद्यांवरच्या वाहतुकीचे, आणि किनाऱ्यावर नव्याने ताबा सांगण्याचे नियम ठरले. बहुतेक सीमा नंतर दोन-दोन सत्तांच्या करारांत ठरल्या. उदाहरणार्थ नामिबियाचं ईशान्येला गेलेलं कॅप्रिवीचं शेपूट: जर्मनीला झांबेझी नदी गाठायची होती, म्हणून १८९० च्या ब्रिटन-जर्मनी करारात ती पट्टी मिळाली.

पट्टीने तपासता येतील अशा दोन सीमा: इजिप्त-लिबिया २५ अंश पूर्व रेखांशावर, इजिप्त-सुदान २२ अंश उत्तर अक्षांशावर. दुसऱ्या रेघेवर १९०२ मध्ये इंग्रजांनी कारभारापुरती वेगळी वाकडी रेघ काढली. इजिप्त १८९९ ची सरळ रेघ मानतो, सुदान १९०२ ची वाकडी. दोघांनाही लाल समुद्राकाठचा हलाइब हवा आहे. त्यामुळे सरळ रेघेच्या दक्षिणेचा सुमारे २,००० चौरस किलोमीटरचा बीर तवील हा तुकडा दोघेही आपला म्हणत नाहीत: जी रेघ हलाइब मिळवून देते, तीच बीर तवील समोरच्याला देऊन टाकते. तुमच्या कागदावर तो चार मिलिमीटरचाही नसेल. तिथे रंग देऊ नका.