रजिस्ट्री झाली म्हणजे प्लॉट सेफ? नागपुरात घेण्याआधी ही फाइल बनवा

"रजिस्ट्री झाली ना, आता कोण काय करते" असं बेसा, हुडकेश्वर, वाठोड्याकडं प्लॉट घेणारे कितीतरी लोक बोलतात आणि मला खरंच काळजी वाटते, कारण आपल्याकडं सरकार मालकीची हमी देतच नाही. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात दस्त नोंदवला जातो, विकणारा खरा मालक आहे की नाही हे ठरवणं त्यांचं काम नाही, सुप्रीम कोर्टानं 2025 मध्ये तमिळनाडूच्या केसमध्ये हे परत सांगितलंय. सातबारा किंवा आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) नाव आहे म्हणून मालकी पक्की असंही नसतं.

मग प्रामाणिक माणसाला आधार काय? मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चं कलम 41. खऱ्या मालकाच्या संमतीनं, मग ती बोलून असो की गप्प राहून, दुसराच कोणी मालक म्हणून वावरत असेल आणि तुम्ही त्याच्याकडून पैसे मोजून प्लॉट घेतला, तर "त्याला विकायचा अधिकारच नव्हता" म्हणून खऱ्या मालकाला तो व्यवहार मोडता येत नाही. अट एवढीच की तुम्ही नीट चौकशी केलेली पाहिजे आणि मनात खोट नको. कोर्टात नुसतं "मला माहीत नव्हतं जी" चालत नाही, काय काय तपासलं ते दाखवावं लागतं, म्हणून इसार द्यायच्या आधीच फाइल सुरू करा.

सगळ्यात आधी वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे त्या जागेच्या जुन्या दस्तांचा शोध. आयजीआरच्या (नोंदणी विभागाच्या) साइटवर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा दिसतो पण जुनं सगळं तिथं मिळत नाही, ऑफिसातली पुस्तकं बघायलाच लागतात. नोंदलेला दस्त तुम्हाला माहीत होता असंच कायदा धरतो, तुम्ही बघितला नसला तरी. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, दस्त सही झाल्यावर नोंदवायला 4 महिने मिळतात आणि नोंदला की तो सहीच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे तुमच्या आधी सही झालेला दस्त तुमच्यानंतर नोंदला जाऊनही तुम्हाला भारी पडू शकतो! म्हणून पेपरात 15 दिवसांची जाहीर नोटीस द्याच, कात्रण फाइलला लावा, आणि विकणाऱ्याकडचे ओरिजिनल कागद हातात घेऊन बघा, झेरॉक्सवर भागवू नका, ओरिजिनल बँकेत गहाण पडलेले असू शकतात.

मग जागेवर जा. तिथं कोणी राहत असेल, शेड टाकून बसला असेल तर त्याला विचारा की तू कोणत्या हक्कानं बसला, कारण प्रत्यक्ष ताबा असलेल्या माणसाच्या हक्काची तुम्हाला माहिती होती असं याच कायद्याचं कलम 3 मानतं. न विचारता घेतलं की प्रामाणिकपणाचा मुद्दा तिथंच संपतो. फोटो काढा, शेजाऱ्यांना विचारा.

ई-कोर्ट्स या कोर्टांच्या साइटवर विकणाऱ्याचं नाव टाकून केस आहे का बघा, फुकट आहे. दावा चालू असताना घेतलेली जागा साधारणपणे कोर्टाच्या निकालाला बांधलेली असते, तिथं प्रामाणिकपणा कामी येत नाही.

नागपुरात सोसायटीच्या ले-आउटमध्ये जास्तच जपा. आरएल (रेग्युलरायझेशन लेटर) मिळालं म्हणजे नासुप्रनं (नागपूर सुधार प्रन्यासनं) तो प्लॉट नियमित केला, मालकी कोणाची याचा तो पुरावा नाही. नुसतं अलॉटमेंट लेटर आणि पॉवर ऑफ अॅटर्नी हातात देऊन "हेच चालते" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा, अशा कागदांनी मालकी बदलत नाही हे सुप्रीम कोर्टानं 2011 मध्येच सांगितलंय.

पैसे बँकेतूनच द्या, 50 लाख किंवा त्याच्या वर असेल तर 1 टक्का टीडीएस कापा. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर काहून स्वस्त ते आधी शोधा, कोर्ट पण तेच विचारेल.

आणि हे नीट समजून घ्या की खोटं आधार कार्ड, खोटी सही करून तोतयानं विकलं असेल तर कलम 41 वाचवत नाही, कारण खऱ्या मालकाची संमतीच नसते. म्हणून विकणाऱ्याची ओळख स्वतः त्याच्या घरी जाऊन खात्री करा. तरी फसलाच तर विकणाऱ्याकडून पैसे वसूल करायला त्याच कायद्याचं कलम 55 आहे, आणि स्वतःला मालक समजून प्रामाणिकपणे घर बांधलं असेल तर कलम 51 खाली बांधकामाची किंमत मागता येते, त्यासाठी नकाशा मंजुरी, बिलं, ठेकेदाराच्या पावत्या सगळं त्याच फाइलमध्ये ठेवा.