शापवचन म्हणजे काय आणि गधेगाळीवर ते कसे ओळखावे

गधेगाळ म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारा कोरीव दगड; त्यावर बऱ्याचदा दानाचा लेखही असतो. शिवी समोरच्याला थेट घातली जाते. शापवचन मात्र अटीवर चालते: जो हे दान मोडील, त्याला अमुक भोगावे लागेल. त्यामुळे दगडावरच्या कोरीव लेखाचे वर्णन लिहिताना ‘शिवीगाळ’ न लिहिता ‘शापवचन’ लिहावे. सातारा-सांगलीकडे गावाच्या वेशीवर किंवा जुन्या देवळापाशी कोरीव दगड दिसला, तर आधी खालचा भाग पाहा. स्त्री आणि गाढव कोरलेले असेल तर ती गधेगाळ. वर बहुधा चंद्रसूर्य असतात, म्हणजे दान ते आहेत तोवर टिकावे. लढाईचे प्रसंग दिसले तर तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड. ही गल्लत फार होते.

लेख असल्यास शेवटच्या ओळींपासून सुरुवात करा, कारण शापवचन बहुधा तिथेच येते. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरे उठून दिसतात. मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरते. खडू, तेल, शेंदूर, तारेचा ब्रश कटाक्षाने टाळा. झिजलेली रेघ परत येत नाही, आणि खडूने आपणच चुकीचे अक्षर ‘तयार’ करतो. फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा.

लेखात शकाचे वर्ष दिले असेल तर त्यात 78 मिळवले की इसवी सन मिळतो; माघ-फाल्गुनासाठी 79.

वाचन लिहिताना शापातले शब्द अश्लील वाटले तरी गाळू नका, सौम्यही करू नका. पुसट अक्षरांच्या जागी टिंबे द्या. दगड जागचा हलवू नका. दान दिलेल्या जमिनीचा पत्ता बऱ्याचदा त्या जागेवरून लागतो.