छोटा कॅम्पर ट्रेलर घेऊन सोलापूरहून माळरान आणि वायनरी: सहल कशी आखावी

सोलापूरकर सुट्टीला निघाला की गाडीचं तोंड बहुतेक वेळा कोकणाकडे किंवा महाबळेश्वरकडे असतं. पण आपल्याच जिल्ह्यात आणि शेजारच्या इंदापूर-बारामती पट्ट्यात दोन गोष्टी अगदी लागून आहेत: चिंकारा आणि लांडग्यांची गवताळ माळरानं, आणि वाइनच्या द्राक्षांचे मळे. माळरान बघायचं तर पहाटे तिथं हजर असावं लागतं. वायनरीत चव घेतल्यावर स्टिअरिंगला हात लावायचा नसतो. म्हणजे दोन्हीकडे जवळपास मुक्काम हवा, आणि तिथंच दोन माणसं झोपतील एवढा छोटा ट्रेलर कामी येतो.

पूर्ण सहलीचा एकच नियम लक्षात ठेवा: ट्रेलर उभा राहील, गाडी फिरेल. रोज नवं गाव गाठण्याच्या नादात अर्धा दिवस हुक लावण्यात आणि काढण्यात जातो. एका मुक्कामाला निदान दोन रात्री द्या.

आधी कागदपत्रं, मग हुक

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच धरलेलं आहे. त्याला स्वतःचं पासिंग, स्वतःचा नंबर आणि स्वतःचा विमा लागतो. वर्कशॉपमधून बनवून घेणार असाल, तर पत्रा कापण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन या. शहरात एमएच-१३, अकलूजकडे एमएच-४५. ट्रेलर तयार झाल्यावर पासिंग अडलं तर पैसे गुंतून पडतात. भाड्याने घेणार असाल तर नंबर प्लेट आणि विम्याची तारीख स्वतः डोळ्यांनी बघा, तोंडी भरवशावर राहू नका.

गाडी किती वजन ओढू शकते हे तिच्या मॅन्युअलमध्ये असतं. भरलेल्या ट्रेलरचं वजन त्याच्या बरंच खाली ठेवा. ‘भरलेल्या’ म्हणजे पाणी, सिलिंडर, गाद्या, भांडी सगळं धरून. निघण्याआधी ट्रेलर वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या. ऊस आणि धान्याच्या आपल्या भागात वजनकाटा शोधावा लागत नाही.

वजन कुठं ठेवायचं

या भागाला घाई करू नका, कारण रस्त्यावरचा सगळा धोका इथून सुरू होतो. ट्रेलरची शेपटी जड झाली की वेगात तो मागून डावीकडे-उजवीकडे झुलायला लागतो आणि गाडीलाही सोबत ओढतो. म्हणून एकूण वजनाच्या साधारण ७ ते १० टक्के भार हुकावर यायला हवा. ट्रेलर ५०० किलोचा असेल तर ३५ ते ५० किलो. मोजायची सोपी रीत अशी: ट्रेलर सपाट जागेवर घ्या, चाकांना ठोकळे लावा, घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा आणि हुकाच्या उंचीएवढा लाकडी ओंडका त्यावर उभा करून ट्रेलरचं तोंड त्यावर टेकवा. आकडा कमी आला तर जड सामान एक्सलच्या पुढे सरकवा. जास्त आला तर थोडं मागे घ्या. हुकाला किती भार चालतो हे त्यावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, तेही वाचा.

पाण्याचा हिशेब बहुतेक जण विसरतात. एक लिटर म्हणजे एक किलो. मागच्या बाजूला ६० लिटरची टाकी असेल आणि ती घरूनच भरून निघालात, तर ६० किलोचं माणूस शेपटीवर बसवल्यासारखं होतं. प्यायचं पाणी कॅनमध्ये गाडीत ठेवा, टाकी मुक्कामाच्या गावी भरा.

जोडताना क्रम मोडू नका. बॉल (गाडीच्या हुकावरचा गोळा) आणि कपलर (ट्रेलरच्या तोंडाचा, त्यावर बसणारा भाग) एकाच मापाचे हवेत, साधारणपणे ५० मिमी. कपलर बसल्यावर जॅकने ट्रेलरचं तोंड थोडं वर उचलून बघा. गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला, तरच कुलूप नीट लागलंय. मग सुरक्षेच्या दोन्ही साखळ्या हुकाखालून एकमेकींना छेद देऊन अडकवा, दिव्यांची पिन जोडा आणि कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक लाइट, दोन्ही इंडिकेटर आणि पार्किंग लाइट तपासा. ट्रेलरच्या मापाची वेगळी स्टेपनी हवीच.

कधी निघावं

जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला. ऑक्टोबर छाटणीनंतर धरलेली द्राक्षं तेव्हा तोडीला येतात, वायनरीत क्रशिंग (द्राक्षं चिरडून रस काढणं) चालू असतं आणि उजनीच्या फुगवट्यावर भिगवण-कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी असतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बागा बोडक्या दिसतात, आणि पत्र्याच्या ट्रेलरमध्ये दुपारी बसवत नाही.

पण याच महिन्यांत उसाचा गळीत हंगामही जोरात असतो. टेंभुर्णी-अकलूज भागात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडे जात असतात आणि कित्येकांच्या मागे रिफ्लेक्टर नसतो. ट्रेलर मागे असताना आपल्याला थांबायला जास्त अंतर लागतं. म्हणून सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठा, यात सूट नको. मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेसाठी सोलापुरात गर्दी आणि बदललेले रस्ते असतात. त्या दिवसांत ट्रेलर घेऊन शहरातून जाण्याऐवजी बाहेरच्या रस्त्याने निघा.

रस्ता आणि मुक्काम

पहिला मुक्काम अकलूजजवळ करा. सोलापूर-पुणे महामार्गाने मोहोळ, टेंभुर्णी आणि तिथून आत. चौपदरी रस्ता मोकळा दिसला तरी ७० च्या पुढे काटा नेऊ नका. ट्रेलर झुलायला लागलाच तर ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंगने सावरायला जाऊ नका. अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. गावातले स्पीडब्रेकर दोनदा ओलांडायचे असतात, एकदा गाडीसाठी आणि एकदा ट्रेलरसाठी.

जागा निवडताना कृषी पर्यटन केंद्र किंवा ओळखीचा मळा बघा. मालकांना आधी फोन करून तीन गोष्टी विचारा: आत वळायला जागा किती, संडास वापरता येईल का, आणि जमीन मुरमाची आहे की काळी. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. आपली काळी माती कोरडी असताना दगडासारखी वाटते, पण एक अवकाळी सर आली किंवा रात्री ठिबकची नळी फुटली की चाक निम्मं आत जातं आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. मुरूम टाकलेलं खळं मिळालं तर उत्तम.

रिव्हर्स घेताना एक हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा, हात त्याच बाजूला सरकवा. अगदी हळू, आणि बिघडलं की पुढे येऊन पुन्हा. जागेवर आल्यावर आधी चाकांना ठोकळे, मग हुक काढणं. उलट केलं तर ट्रेलर घरंगळतो. गवंड्याकडची छोटी पाणसळ जवळ ठेवा. ओट्यावर ती ठेवून बुडबुडा मध्ये आला की झोपही सरळ लागते.

माळरानावर

नान्नजचं माळढोक अभयारण्य सोलापूरपासून जेमतेम २० किलोमीटरवर, बार्शी रस्त्याला आहे. माळढोक दिसेल या आशेने जाऊ नका, तो इथून जवळजवळ नाहीसा झालाय. काळवीटांचे कळप, धाविक आणि चंडोल हे माळरानावरचे पक्षी आणि पिवळं गवत बघायला जा. अकलूजच्या मुक्कामाहून इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचं गवताळ माळ गाठता येतं. तिथं वन विभागाची सफारी आहे, बुकिंग आधी करा आणि गाइड सोबत घ्या. दोन्ही ठिकाणी ट्रेलर न्यायचा नाही. अभयारण्यात मुक्काम नाही, शेकोटी नाही. जानेवारीतलं गवत एका ठिणगीने पेटतं आणि त्यातच जमिनीवर घरटी करणारे पक्षी राहतात.

वायनरीत

अकलूजच्या पुढे माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला फ्रातेल्ली ही वायनरी आहे. इटलीतल्या टस्कनीचे पिएरो मासी यांनी इथली वाइन घडवली, आणि तिथलीच सांजोवेझे ही द्राक्षाची जात आपल्या माळशिरसच्या उन्हात वाढताना बघणं मला फार मोलाचं वाटतं. दुसरा मुक्काम पुढे हलवायचा असेल तर पाटस-बारामती रस्त्यावर रोटी गावाला फोर सीझन्स ही वायनरी आहे. तिथून सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, चिंकाऱ्यांसाठी, जवळ पडतं.

टेस्टिंगची वेळ दुपारनंतरची घ्या आणि सकाळी पोटभर खाऊन जा. जो गाडी चालवणार त्याने पेल्यात फिरवावं, हुंगावं, तोंडात घोळवावं आणि समोरच्या भांड्यात टाकून द्यावं. हा वायनरीतला रीतसर प्रकार आहे, कोणी वाईट मानत नाही. त्याहून बरं म्हणजे त्या दिवशी गावातली गाडी सांगणं. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं. बागेत फिरताना घड तोडू नका, आणि फवारणी चालू असेल त्या ओळीत मुलांना नेऊ नका.

विकत घेतलेल्या बाटल्या उन्हातल्या गाडीत ठेवल्या तर वाइन बिघडते. सोलापुरी चादरीत गुंडाळून बर्फ न घातलेल्या आइस बॉक्समध्ये आडव्या ठेवा.

स्वयंपाक, वीज, सांडपाणी

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असली की फ्रिजची चिंता राहत नाही. जानेवारीत मळ्यावर हुरडा मिळाला तर रात्रीचा स्वयंपाकच नको. गॅस बाहेर उघड्यावर पेटवा. थंडी कितीही असो, बंद ट्रेलरमध्ये शेगडी किंवा कोळसा ठेवून झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. १२ व्होल्ट, १०० अँपियर-अवरच्या साध्या बॅटरीत १२०० वॉट-अवर असतात, पण त्यातले निम्मेच वापरावेत. ३० वॉटचा पंखा रात्रीचे ८ तास चालला तर २४० गेले. उरलेल्यात दिवे आणि मोबाइल आरामात भागतात.

पोर्टेबल संडासची टाकी मळ्यावरच्या संडासातच रिकामी करा, नीरेच्या किंवा भीमेच्या कालव्यात कधीच नाही. निघाल्यावर ५० किलोमीटरनंतर एकदा थांबून चाकांचे नट आवळा आणि चाकाचा ड्रम हाताने चाचपून बेअरिंग गरम होतंय का बघा. परत आल्यावर टाकीतलं पाणी काढा आणि बॅटरी पूर्ण चार्ज करून वायर सोडवून ठेवा.