थंडीत अंतर, फाल्गुनात ऊन : ठाण्यातून सायकलचा सराव

सायकलिंगच्या सरावाचे जे तक्ते फिरत असतात ते बहुतेक बर्फ पडणाऱ्या देशांतले. डिसेंबर-जानेवारीत घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, पाय मारा, वसंत आला की रस्त्यावर या, असं त्यांत लिहिलेलं असतं. मी माजिवड्याला राहते, महापेला नोकरी करते, वय ४६. पहिल्या वर्षी असाच एक तक्ता फ्रीजवर लावून मी अगदी मनापासून पाळला. त्यानुसार सगळ्यात मोठी राइड मार्चच्या तिसऱ्या रविवारी आली. सकाळी साडेसहाला निघून खर्डीपर्यंत गेले, आणि परतताना सव्वाअकराच्या सुमारास आसनगावजवळ भर उन्हात माझ्या हातांवर काटा आला. थंडी वाजल्यासारखा. डोकं ठणकत होतं आणि पुढचा गिअर कोणता टाकायचा तेही सुचेना. उसाच्या गाड्यावरच्या मावशींनी सावलीत बसवलं, मानेवर ओला पंचा ठेवला, लिंबू-मीठ घातलेलं पाणी पाजलं. घरी आले ते टेम्पोत सायकल टाकून.

तेव्हापासून मी सराव उलटा लावते. आपल्याला थंडी म्हणून जी मिळते ती जेमतेम अडीच महिन्यांची, पण सायकलसाठी वर्षातली सर्वांत चांगली. अंतर वाढवायचं ते तेव्हाच. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाडव्यापर्यंत वेग वाढवायच्या भानगडीत पडायचं नाही, उन्हाची सवय करायची.

सुरुवात दिवाळीचा फराळ संपला की करा. आठवड्यातून चार दिवस पुरतात. मंगळवार आणि गुरुवार एकेक तास, शनिवारी चाळीस मिनिटं हलकं, रविवारी लांब. रविवारचं अंतर ४० किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला चार-पाच किलोमीटरच वाढवायचं. तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात निम्म्यावर यायचं. हा चौथा आठवडा लोक गाळतात, कारण नेमकं तेव्हाच पाय छान चालत असतात. गाळू नका. दोन आठवड्यांनी गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं ते त्यामुळेच.

वेग किती ठेवायचा? छातीवर पट्टा बांधून हृदयाचे ठोके मोजत असाल तर उत्तम, पण त्यावाचून अडत नाही. शेजारच्या मैत्रिणीला भरल्या वांग्याची कृती सलग सांगता आली पाहिजे. ‘शेंगदाण्याचं कूट’ म्हणून झाल्यावर श्वास घ्यायला थांबावं लागलं तर तुम्ही जोरात चाललात. डिसेंबरभर रविवार याच वेगाने. पॅडल मिनिटाला ८० ते ९० वेळा फिरलं पाहिजे, म्हणजे गिअर हलका ठेवायचा. जड गिअर रेटत राहिलात तर मांड्या थकतात, दम मात्र वाढत नाही.

लांबच्या राइडला मी कळवा, ऐरोली, वाशी करत पाम बीच रोडने बेलापूरला जाते आणि त्याच वाटेने परत येते. पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात आणि जवळजवळ सगळं सपाट, त्यामुळे एकसारखा वेग धरायला याहून चांगली जागा नाही. फक्त रविवारी पहाटे तिथे गाड्या सुसाट येतात. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पहिला तास दीड तास अंधारातच जातो. मागचा लाल दिवा लुकलुकता हवा, पुढचा रस्त्यावर खाली रोखलेला, आणि जॅकेट चमकत्या पट्ट्यांचं. यात काटकसर करू नका. पहाटे खाडीच्या बाजूने बोचरा गारवा लागतो, म्हणून पातळ विंडचीटर पुरे. पंधरा मिनिटांनी तो काढून खिशात जातोच. घरातून निघताना थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत असं समजा.

चढासाठी येऊर. आपल्या दाराशी एवढा चढ आहे याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं. उपवनच्या तलावाला डावी-उजवीकडे चालणारी माणसं, वनखात्याची चौकी ओलांडली की एकदम झाडी, आणि हवेत भिजलेल्या पाचोळ्याचा वास. हे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं आहे आणि त्यात बिबटे आहेत, म्हणून नीट उजाडल्याशिवाय आत शिरायचं नाही, कानात इअरफोन घालायचे नाहीत.

चढायचं कसं ते सांगते, कारण इथे बरेच जण पहिल्या वळणावरच सगळा जोर संपवतात. चौकीच्या आधीच सर्वांत हलक्या गिअरच्या एक अलीकडे या. चढ लागल्यावर घाईने गिअर बदललात तर ताणलेली चेन कडकड करत उडी मारते. सीटवर बसूनच रहा, हँडलचा वरचा आडवा भाग हलक्या हाताने धरा, कोपर सैल. पहिली पाच मिनिटं श्वास फक्त नाकाने. नाकाने पुरेनासा झाला की वेग कमी करा, थांबू नका. वळणावर आतल्या कडेला चढ तीव्र असतो, म्हणून मागून गाडी नसेल तर थोडं बाहेरून घ्या. शेवटच्या टप्प्यावर दहा-वीस पॅडल उभं राहून मारली तर पाठीला आराम मिळतो. उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत सोडत यायचं. वाटेत गतिरोधक आहेत आणि माकडं अचानक आडवी येतात.

माझ्याकडे पॉवर मीटर, म्हणजे पॅडलवरचा जोर मोजणारं यंत्र, नाही. महिन्यातून एकदा चौकीपासून वरच्या गावातल्या एका ठरलेल्या झाडापर्यंतची वेळ घड्याळावर लावते, तीच माझी परीक्षा. गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात १६ मिनिटं ४० सेकंद लागली, फेब्रुवारीच्या सुरुवातीला १४ मिनिटं ५०. मधल्या काळात मी जोराच्या राइड फार थोड्या केल्या होत्या. जानेवारीपासून फक्त गुरुवारी, येऊरलाच, चार मिनिटं दम लागेल इतकं आणि चार मिनिटं अगदी सावकाश, असं चार वेळा.

थंडीतली खरी अडचण हवेची आहे. वारा पडलेला असतो, रात्रभराचा धूर आणि धूळ जमिनीलगत बसून राहते, आणि घोडबंदर रोडवर ट्रक व मेट्रोचं काम यांची भर. मी उपवनला पोहोचले की आधी वर बघते. येऊरच्या डोंगराची कड स्पष्ट दिसली तर सराव ठरल्याप्रमाणे. डोंगर नुसता राखाडी डाग दिसत असेल तर जोर करायचा नाही, चाळीस मिनिटं हळू फिरून घरी. जोरात श्वास घेतला की तीच हवा कितीतरी पट जास्त आत जाते. कापूरबावडी-माजिवडा चौकात मी मास्क लावते, पण तो लावून चढ चढत नाही.

ही धूळ चेनवर बसते. रविवारी परत आल्यावर जुन्या सुती साडीचा तुकडा चेनभोवती धरून पॅडल उलटं फिरवते. पहिल्या फेऱ्यात कापडावर दोन काळ्याकुट्ट रेघा उठतात, बोटाने चोळलं तर त्यांत कचकच लागते. ती कचकच म्हणजे बारीक वाळू, आणि तीच दाते झिजवते. रेघा फिक्या होईपर्यंत पुसायचं, मग प्रत्येक कडीच्या सांध्यावर तेलाचा एकेक थेंब, दहा मिनिटं थांबून वरचं सगळं तेल पुन्हा पुसून काढायचं. बाहेर राहिलेलं तेल पुढच्या आठवड्याची धूळ गोळा करतं.

खाण्याचं फार अवघड करू नका. दीड तासाच्या आत पाणी पुरतं. त्यापुढे दर पाऊण तासाला एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू, भूक लागायच्या आधी. संक्रांतीनंतर घरात उरलेली तिळाची वडी खिशात टाकायला छान, फक्त उन्हात ती चिकटते, म्हणून फेब्रुवारीपासून उकडलेलं रताळं.

आता उन्हाचं. अंगाला उष्णतेची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटतो आणि घामातून मीठ कमी जातं. पण ती सवय उन्हात गेल्याशिवाय होत नाही. म्हणून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून शनिवारची हलकी राइड पहाटेऐवजी सकाळी आठला करा. चाळीस मिनिटं, गप्पांच्या वेगाने, बस्स. पुढच्या आठवड्यात दोन दिवस, मग तीन, वेळ हळूहळू तासावर. रविवार मात्र पहाटेच ठेवा आणि त्याचं अंतर आता वाढवू नका. होळीच्या सुमारास तोच चढ त्याच वेगाने चढताना ठोके कमी पडायला लागतात. तेव्हा समजावं की अंगाने ऊन ओळखलं.

ठाण्यातलं ऊन आणि शहापूरकडचं ऊन सारखं नाही. खाडीजवळ घाम वाळतच नाही, अंगावरून निथळतो, म्हणून माणूस सावध राहतो. पडघा सोडलं की हवा कोरडी होत जाते, घाम लगेच उडतो आणि काही गेलं असं वाटतच नाही. आसनगावला माझं हेच झालं. काळ्या जर्सीवर खांद्यापासून मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या आणि मी पाऊण तासात पाण्याला तोंड लावलं नव्हतं. आता निघताना आणि आल्यावर वजन करते. एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर पाणी कमी पडलं. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत एका लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ या हिशोबाने कालवलेलं, वर लिंबू. दर पंधरा मिनिटांनी दोन घोट, तहान असो-नसो. उन्हात काटा आला, चक्कर आली किंवा घाम थांबला तर लगेच उतरा, सावलीत बसा, मानेवर पाणी ओता आणि कुणाला तरी फोन करा.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी माझी कसारा घाटाची राइड असते. पहाटे चारला माजिवडा, सहापर्यंत वासिंदच्या आसपास, आठला कसारा, नऊ-सव्वानऊला इगतपुरी. परतीचा प्रवास गाडीने, नवरा तिकडे येऊन थांबतो. ही पहिलीच वेळ असेल तर एकट्याने जाऊ नका, आणि कसाऱ्याला पोहोचायला साडेआठ वाजून गेले असतील तर घाट पुढच्या थंडीवर ठेवून स्टेशनजवळच सावलीत थांबा, गाडी तिथेच बोलवा.